स्लेटर कोणती लाट सोडतो?

५ फेब्रुवारी २०२२ रोजी हवाई बेटांपैकी ओआहूच्या उत्तर किनाऱ्यावर, पाइपलाइन नावाच्या जगप्रसिद्ध लाटेवर, केली स्लेटरने सर्फिंगच्या विश्वमालिकेतल्या एका स्पर्धेची अंतिम फेरी जिंकली. पन्नाशी पूर्ण व्हायला त्याला सहा दिवस बाकी होते. समोरचा सेथ मोनिझ चोवीस वर्षांचा. स्लेटरने याच ठिकाणी पहिल्यांदा बाजी मारली ती १९९२ साली, तेव्हा मोनिझचा जन्मही झालेला नव्हता. आपल्या ओळखीच्या मापाने मोजायचे तर सचिन तेंडुलकर स्लेटरपेक्षा सव्वा वर्षाने लहान. नोव्हेंबर २०१३ मध्ये तो वानखेडेवर शेवटची कसोटी खेळला आणि पुढच्याच महिन्यात स्लेटरने पाइपलाइन जिंकली. त्यानंतर आठ वर्षांनी त्याने ती पुन्हा जिंकली. हे कसे जमले, याचे उत्तर बहुतेक लेखांतून ठरलेले असते: देवदत्त शरीर, काटेकोर आहार, पोलादी शिस्त. यातले काही खोटे नाही. पण अशी शरीरे आणि अशी शिस्त इतर खेळांतही आहेत, तरी तिथे पन्नाशीचा माणूस चोविशीच्या व्यावसायिकाला अंतिम फेरीत हरवताना सहसा दिसत नाही. मला वाटते, कारण खेळाच्या स्वरूपात शोधायला हवे. सर्फिंग हा जितका शरीराचा, तितकाच, कदाचित थोडा जास्तच, निवडीचा खेळ आहे. कोणती लाट घ्यायची आणि कोणती सोडायची, या एका प्रश्नावर स्लेटरची कारकीर्द उभी आहे.

सर्फिंगची स्पर्धा कशी चालते हे आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नसते, आणि मोबाइलवर दिसणाऱ्या दहा-पंधरा सेकंदांच्या तुकड्यांतून ते कळतही नाही. पाण्यात बहुतेक वेळा दोन सर्फर असतात. वेळ साधारण अर्ध्या तासाची, समुद्र बघून थोडी इकडेतिकडे. तेवढ्यात कितीही लाटा घेतल्या तरी हिशेबात धरतात त्यांतल्या उत्तम दोनच. प्रत्येक लाटेला पाच पंच दहापैकी गुण देतात, सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा बाजूला काढतात आणि उरलेल्या तिघांची सरासरी धरतात. म्हणजे सगळा मामला वीस गुणांचा. त्यातच प्रायॉरिटी नावाचा नियम आहे. ज्याच्याकडे प्रायॉरिटी, त्याचा येणाऱ्या लाटेवर पहिला हक्क. त्याने लाट घेतली, किंवा घ्यायला झेपावला आणि ती हुकली, की हक्क गेला समोरच्याकडे. आता यात समुद्राची तऱ्हा मिसळा. लाटा एकसारख्या येत नाहीत, घोळक्याने येतात. चार-पाच मोठ्या येऊन जातात आणि मग कितीतरी वेळ पाणी सपाट. खरोखर मोठे गुण देणारी लाट अर्ध्या तासात दोन-तीनदा येते, कधी एकदाही नाही. दुरून सगळ्या सारख्याच दिसतात. उंच दिसणारी लाट पुढे जाऊन एकदम कोसळते आणि मागची, जरा बुटकी, सुरेख उलगडते. हे फरक ती लाट फुटायच्या कितीतरी आधी, बोर्डवर बसल्या बसल्या, क्षितिजाकडे बघून ओळखावे लागतात. सर्फर पाण्यात वेळ कसा घालवतात हे संशोधकांनी घड्याळ लावून मोजले आहे. निम्म्याच्या आसपास वेळ पोटावर पडून हातांनी पाणी मारण्यात जातो, उरलेल्यातला बराचसा नुसता बसून वाट बघण्यात, आणि प्रत्यक्ष लाटेवर उभे राहण्याचा वेळ शेकडा दहाहूनही कमी भरतो. प्रेक्षक बघतात तो हा शेवटचा भाग. सामना मात्र बऱ्याचदा त्याआधीच्या वेळात ठरलेला असतो.

पाइपलाइनवर हे सर्वांत उघडपणे दिसते. हिवाळ्यात उत्तर पॅसिफिकमध्ये मोठी वादळे होतात. तिथून सुटलेल्या लाटा हजारो किलोमीटर खोल पाण्यातून अडथळ्याविना येतात आणि किनाऱ्याजवळच्या उथळ कातळावर अचानक आदळतात. लाटेचा तळ कातळाला घासून मंदावतो, माथा त्याच वेगाने पुढे झेपावतो, आणि मधे पाण्याची एक पोकळ नळी तयार होते. तिच्या आत शिरून, काही क्षण दिसेनासे होऊन, तोंडातून पुन्हा बाहेर यायचे, यालाच इथे सर्वाधिक गुण. खाली लाव्हाचा खडक आहे, त्यात कपारी आहेत, आणि इथे अनुभवी सर्फरही दगावलेले आहेत. अशा जागी उडी किती उंच मारता येते याला फारसे मोल नसते. नळी कोणत्या लाटेत तयार होईल, ती उघडी राहील की तोंड मिटून घेईल, नेमक्या कोणत्या इंचावरून सुटायचे, हे कळावे लागते. एवढे कळले की उरते ते काम तुलनेने थोडे: वेळेवर उभे राहणे आणि धीर न सोडणे. आता स्लेटरच्या कारकिर्दीची उतरंड बघा. विश्वमालिकेतले त्याचे शेवटचे तीन विजय डिसेंबर २०१३ मध्ये पाइपलाइन, २०१६ मध्ये ताहितीमधले तेआहुपो आणि २०२२ मध्ये पुन्हा पाइपलाइन इथले आहेत. तिन्ही ठिकाणे उथळ खडकावर फुटणाऱ्या पोकळ लाटांची. तेआहुपोला तो चव्वेचाळीस वर्षांचा होता आणि अंतिम फेरीत समोर होता पोकळ लाटांतलाच वस्ताद, पाइपलाइनच्या किनाऱ्यावर वाढलेला जॉन जॉन फ्लॉरेन्स. त्याच वर्षांत वाळूवर फुटणाऱ्या, वळणे आणि उड्या मागणाऱ्या लाटांवर स्लेटरला तरुणांनी वारंवार हरवले. विजय निव्वळ शरीराचा असता तर घसरण सगळीकडे सारखी झाली असती. ती तशी झाली नाही, हा मला या प्रकरणातला सर्वांत बोलका पुरावा वाटतो.

ही नजर कुठून आली? स्लेटर जन्मला ११ फेब्रुवारी १९७२ रोजी, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर फ्लॉरिडातल्या कोको बीच इथे. सर्फिंगच्या नकाशावर हे गाव खालच्या पंगतीतले. किनाऱ्यालगतचा समुद्रतळ दूरवर उथळ आहे, त्यामुळे लाटेचा जोर तळाशी घासून आधीच ओसरतो. आग्नेयेकडून येणाऱ्या लाटांच्या वाटेत बहामा बेटे आडवी पडतात. किनाऱ्याला पोहोचते ते कमरेएवढे, मरगळलेले पाणी. अशा पाण्यात वेग आयता मिळत नाही, तो लाटेच्या कणाकणातून गोळा करावा लागतो आणि दिवसभरात बऱ्यापैकी म्हणावी अशी एखादी लाट हेरावी लागते. हवाईचे मूल ताकदीशी सामना करायला शिकते, फ्लॉरिडाचे मूल टंचाईत भागवायला. (मुंबईसमोरचा समुद्रतळही दूरवर, फ्लॉरिडापेक्षाही अधिक अंतरापर्यंत, उथळ आहे. म्हणून कोकणात स्लेटर निपजेल, असा निष्कर्ष मात्र काढू नये. आपल्याकडे दर्याला खरा जोर चढतो तो पावसाळ्यात, आणि तेव्हाचा समोरून येणारा वारा लाटेची घडीच विस्कटून टाकतो.)

यावर जाणकार लगेच हरकत घेतील, आणि ती रास्त आहे. स्लेटरची सुरुवातीची कीर्ती शहाणपणामुळे नव्हती, नावीन्यामुळे होती. १९९२ साली, विसाव्या वर्षी, तो सर्वांत तरुण विश्वविजेता झाला. पुढे १९९४ ते १९९८ सलग पाच वर्षे किताब त्याच्याकडेच राहिला. त्याच्या पिढीची पोरे पातळ, अरुंद बोर्ड घेऊन आली. शेपूट लाटेच्या कडेवरून घसरवायची, पाण्याबाहेर उसळी मारायची, अशा गोष्टी त्यांनी भर स्पर्धेत केल्या, आणि आधीची पिढी दोन-तीन वर्षांत जुनाट वाटू लागली. म्हणजे तेव्हा जिंकत होते ते शरीरच. हे मी मान्य करतो, पण पूर्ण नाही. १९९५ चे पाइपलाइन आठवा. उपांत्य फेरीत स्लेटर आणि त्याचा जवळचा मित्र रॉब मचाडो एकामागून एक अप्रतिम लाटा घेत होते आणि वर्षाचा किताब पणाला लागलेला होता. एका सुंदर नळीतून बाहेर पडलेला मचाडो तसाच पुढे सरकत पाण्यात बसलेल्या स्लेटरपर्यंत गेला आणि त्याला टाळी देऊन आला. सर्फिंगच्या इतिहासातले हे बहुधा सर्वांत जास्त वेळा दाखवले गेलेले दृश्य असेल, मैत्रीचे प्रतीक म्हणून. पण त्या टाळीपायी मचाडोचा मोक्याच्या लाटेवरचा हक्क हातचा गेला असे आजही बोलले जाते. फेरी स्लेटरने जिंकली, किताबही त्यानेच नेला. तेविसाव्या वर्षीही तो कुठे बसायचे हे जाणून होता.

१९९८ च्या सहाव्या किताबानंतर त्याने पूर्णवेळ स्पर्धा सोडली आणि २००२ मध्ये तो परतला. मधल्या काळात कावाई बेटावरचा अँडी आयर्न्स वर आला होता. २००२, २००३, २००४ असे तीन किताब त्याने ओळीने घेतले, आणि २००३ चा तर पाइपलाइनवरच्या अखेरच्या स्पर्धेत स्लेटरच्या तोंडचा घास काढून. एवढा थेट, उघड त्वेषाचा प्रतिस्पर्धी स्लेटरला आधी मिळाला नव्हता. त्यानंतरचा स्लेटर वेगळा आहे. २००५ मध्ये तेआहुपोच्या अंतिम फेरीत त्याने दोन लाटांवर दहापैकी दहा गुण मिळवले. वीसपैकी वीस, या पद्धतीत असे पहिल्यांदाच घडले. २००५, २००६, २००८, २०१० आणि २०११ असे आणखी पाच किताब आले आणि शेवटच्या वेळी, एकोणचाळिसाव्या वर्षी, तो सर्वांत वयस्कर विश्वविजेताही झाला. (आयर्न्स नोव्हेंबर २०१० मध्ये बत्तिसाव्या वर्षी गेला. त्याच आठवड्यात स्लेटरने दहावा किताब जिंकला.) पहिले सहा किताब नव्या युक्त्यांचे म्हणता येतील. पुढचे पाच तसे म्हणता येत नाहीत, कारण तोवर त्या युक्त्या सगळ्यांनाच येऊ लागल्या होत्या.

निवडीला एवढे महत्त्व असेल तर ते एका स्लेटरपुरते दिसून चालणार नाही. पॅरिस ऑलिम्पिकमधले सर्फिंग २०२४ मध्ये तेआहुपोला झाले. पुरुषांच्या अंतिम फेरीत ऑस्ट्रेलियाचा जॅक रॉबिन्सन, पोकळ लाटांतला जगातला एक अव्वल माणूस, आणि समोर ताहितीचाच कौली वास्त, याच पाण्यात वाढलेला. वास्तने सुरुवातीलाच ९.५० गुणांची लाट घेतली, पाठोपाठ ८.१७ ची. मग समुद्र झोपला. रॉबिन्सनला एक लाट मिळाली, ७.८३ ची. दुसरी शेवटपर्यंत आलीच नाही. निकाल १७.६७ विरुद्ध ७.८३. आकडे बघून कुणालाही वाटेल की एकतर्फी धुलाई झाली. प्रत्यक्षात रॉबिन्सन एकदाही पडला नाही की चुकला नाही, त्याला दुसरी लाट लाभली नाही इतकेच. हा नशिबाचा भाग नाही का? आहे, आणि तो या खेळातून कधी जाणार नाही. पण सुरुवातीच्याच मिनिटांत ती लाट ओळखून घेणारा त्या पाण्याजवळचा होता, हेही विसरता येत नाही.

गंमत अशी की निवड खेळातून वजा केली तर काय होते, याचा प्रयोग स्लेटरनेच आपल्या हाताने करून ठेवला आहे. डिसेंबर २०१५ मध्ये त्याने एक चित्रफीत जगापुढे ठेवली. कॅलिफोर्नियातल्या लेमूर गावाजवळ, समुद्रापासून दीडशेहून अधिक किलोमीटर आत, शेतजमिनींच्या मधोमध एक लांबलचक तलाव, आणि त्यात निर्दोष उलगडत जाणारी लाट. द्रवगतिकीचे अभ्यासक अ‍ॅडम फिंचम यांच्याबरोबर त्याने अनेक वर्षे यावर काम केले होते. तलावाच्या कडेने रुळांवरून एक अवजड यंत्र आगगाडीसारखे धावते, त्याला लावलेले पाते पाणी ढकलते आणि मागे लाट तयार होते. ती हवी तेव्हा, हवी तशी, प्रत्येकासाठी सारखी. पुढे विश्वमालिका चालवणाऱ्या वर्ल्ड सर्फ लीगने या कंपनीत मोठा हिस्सा घेतला आणि तिथे स्पर्धाही भरवल्या. २०१८ आणि २०१९ मध्ये तिथे ब्राझीलचा गॅब्रिएल मेदिना जिंकला, २०२१ मध्ये त्याच देशाचा फिलिपे टोलेडो, २०२३ मध्ये अमेरिकेचा ग्रिफिन कोलापिंटो. तिघेही स्लेटरपेक्षा वीस वर्षांहून अधिक लहान, उसळ्या आणि वळणांत निष्णात. लाटेचा जनक मात्र स्वतःच्या लाटेवर एकदाही पहिला आला नाही. २०१८ मध्ये तो तिसरा आला होता हे सांगायलाच हवे, माझ्या मुद्द्याला ते थोडे अडचणीचे आहे. पण त्या लाटेवर त्याच्याइतका सराव कुणाचा झाला असेल? आणि तरीही तिसराच. प्रेक्षकांचाही तिथल्या स्पर्धांमधला रस लवकर आटला, यातही मला नवल वाटत नाही. प्रत्येक लाट सारखीच असेल तर बघायचे काय?

आता सर्वांत कठीण हरकत. अनुभवाने नजर तयार होत असेल तर ती सगळ्याच जुन्या सर्फरांची होते. मग पन्नाशीत जिंकणारा एकच का? दीर्घ कारकिर्दी अगदीच दुर्मीळ नाहीत. ऑस्ट्रेलियाचा मार्क ऑकिलुपो काही वर्षे खेळापासून दूर राहून परतला आणि १९९९ मध्ये तेहतिसाव्या वर्षी विश्वविजेता झाला. स्टेफनी गिल्मोरचा पहिला किताब २००७ चा आणि आठवा २०२२ चा. पण खरे उत्तर समुद्रात नाही, पैशात आहे. जागतिक व्यावसायिक मालिका १९७६ साली सुरू झाली तेव्हापासून सर्फरचे पोट बक्षिसांवर कमी आणि प्रायोजकांवर जास्त भरत आले आहे. बोर्ड आणि कपडे विकणाऱ्या कंपन्या त्याला पगार देतात, त्याच्या बोर्डवर आपली चिन्हे चिकटवतात आणि त्या बदल्यात त्याची छायाचित्रे मागतात. वरच्या मालिकेत पुरुषांच्या जागा तीन डझन, स्त्रियांच्या २०२५ पर्यंत त्याच्या निम्म्या होत्या. बक्षिसाची रक्कम दोघांना सारखी झाली ती थेट २०१९ पासून. तिथवर पोहोचायला खालच्या स्पर्धांतून देशोदेशी फिरावे लागते, विमानाचे तिकीट आणि बोर्डांच्या लांबलचक पिशव्यांचे भाडे बऱ्याचदा स्वतःच्या खिशातून. टोकियो ऑलिम्पिकमध्ये सर्फिंगचे पहिले सुवर्णपदक जिंकणारा ब्राझीलचा इटालो फेरेरा हा कोळ्याचा पोर. वडील ज्या थर्माकोलच्या पेटीत मासळी ठेवत, तिच्या झाकणावर तो लाटा घ्यायला शिकला. असा एखादा वर येतो. बाकीच्यांचा करार तिशीच्या आसपास संपतो आणि नजर पिकायला लागते नेमकी तेव्हाच त्यांना दुसरा धंदा शोधावा लागतो.

स्लेटरवर ही वेळ आली नाही. देखणा चेहरा, विशीतच ‘बेवॉच’ मालिकेत भूमिका, १९९० पासून २०१४ पर्यंत क्विकसिल्व्हरसारखा बडा प्रायोजक. ती कंपनी सोडून त्याने स्वतःचा कपड्यांचा व्यवसाय काढला आणि पुढच्या वर्षी क्विकसिल्व्हरला अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. टायमिंग इथेही चुकले नाही. थोडक्यात, पिकलेली नजर घेऊन चाळिशीनंतरही पाण्यात राहणे त्याला परवडत होते. त्यात मालिकेचेही वळण त्याच्या पथ्यावर पडले. पूर्वी स्पर्धा शहरालगतच्या किनाऱ्यांवर, गर्दी जमेल तिथे, ठरल्या तारखेला होत. लाट असो वा नसो. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून त्या उत्तमोत्तम लाटांच्या ठिकाणी जाऊ लागल्या, दहा-बारा दिवस हाताशी ठेवायचे आणि समुद्र जागा झाला की त्यातले तीन-चार दिवस वापरायचे. चांगली लाट जितकी जास्त, तितका निवड करणाऱ्याचा फायदा. कुणी म्हणेल, म्हणजे तो नशीबवान होता. हो, होता. मात्र तेच प्रायोजक आणि तीच ठिकाणे त्याच्या पिढीतल्या इतर दिग्गजांनाही काही काळ लाभली होती.

शरीराचे देणे अर्थात चुकले नाही. २०१७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत त्याच्या पायाची हाडे मोडली. मोसमाच्या मध्यावर तळाच्या खेळाडूंना गाळण्याचा नियम २०२२ पासून लागू झाला, आणि एप्रिल २०२४ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या मार्गारेट रिव्हरच्या स्पर्धेनंतर बावन्न वर्षांचा स्लेटर त्यात गळाला. पूर्णवेळ कारकीर्द तिथे थांबली. मुद्दा शरीराने फरक पडतो की नाही हा नव्हताच. काही विशिष्ट लाटांवर तो किती उशिरा पडतो, एवढाच होता.

२०२२ च्या त्या अंतिम फेरीचे चित्रण आंतरजालावर सहज सापडते. बघाल तेव्हा स्लेटर नळीतून बाहेर येतो ते क्षण हवे तर पुढे ढकला, आणि तो पाण्यात नुसता बसलेला असतो ती मिनिटे नीट बघा. मोनिझकडे नजर ठेवत तो कोणत्या लाटा जाऊ देतो, ते मोजा.